लुगड्याचा काठ
(द्वितीय वर्ष, कला)

महाराष्ट्रीय स्त्रीचे चित्र काढायचे म्हटले, की चित्रकार प्रथम तिला नऊवारी नेसवतो. नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, हातात हिरवा चुडा आणि अंगावर काठापदराचे, कासोट्याचे लुगडे. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील पारंपरिक वेशभूषा दिनाला हेच चित्र जिकडेतिकडे दिसत होते. बहुतेक मैत्रिणींनी शिवलेली नऊवारी भाड्याने आणली होती. पायजम्यासारखे पाय घालायचे, नाडी बांधायची आणि पदर खांद्यावर टाकायचा, की पाच मिनिटांत काम होते. मी मात्र आजीचे इरकली लुगडे घेतले आणि तिच्याच हातून नेसवून घेतले.

नेसवताना आजीने निऱ्या अशा घातल्या, की खालचा काठ आतल्या बाजूला वळला. लुगड्यात सर्वांत देखणा काय तो काठ, आणि तोच दिसेना. मी म्हटले, "आजी, काठ आत गेला की गं." ती म्हणाली, "असंच असतंय ते. माज्या सासूनं असंच शिकवलंय." एसटीची वेळ झाली होती. वाटेत मी काठ ओढून बाहेर काढला आणि ती गोष्ट विसरून गेले.

पुढे काही महिन्यांनी आमच्या ग्रंथालयातील एका पुस्तकात तो आत वळलेला काठ मला पुन्हा भेटला. तेव्हापासून या वस्त्राविषयी मिळेल ते वाचत गेले. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

नऊ वार कापड

लुगडे म्हणजे एक अखंड कापड. ते कोठे कापलेले नसते आणि कोठे शिवलेलेही नसते. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. लांबीच्या दोन्ही कडांना काठ आणि एका टोकाला पदर. एवढ्या लांब कापडाला अंगावर राहण्यासाठी नाडी लागत नाही, परकर लागत नाही की टाचणी लागत नाही. त्याला लागते ती फक्त एक गाठ आणि नेसणारीचा सरावलेला हात.

नेसण्याची रीत थोडक्यात अशी. लुगडे कमरेभोवती घेऊन पुढे गाठ मारतात. एका बाजूचा लांब भाग पाठीमागून घेऊन खांद्यावर आणला, की पदर झाला. मध्ये जे कापड उरते त्याच्या निऱ्या घालून त्या पोटाशी खोचतात. मग निऱ्यांचा खालचा मधला भाग दोन्ही पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचला, की कासोटा झाला. समोर सुटलेले कापड वर उचलून खोचले, की ओचा. या ओच्यात शेंगा, कापूस, सुपारी, मोडीचे पैसे, काय वाटेल ते बसते. खिसा नावाची वस्तू बायकांच्या कपड्यांत आली नव्हती तेव्हा ओचा हाच त्यांचा खिसा होता.

संस्कृत ग्रंथकार कासोटा असलेल्या नेसण्याला 'सकच्छ' आणि नसलेल्या नेसण्याला 'विकच्छ' म्हणतात. आपण बोलताना दुसऱ्या प्रकाराला 'गोल' म्हणतो. सकच्छ नेसण्यात दोन्ही पाय वेगळे होतात. त्यामुळे उकिडवे बसता येते, वाफ्यात वाकता येते, झाडावर चढता येते, डोक्यावर भारा घेऊन ओढा ओलांडता येतो. भात लावणारी कुणबीण लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेते. पाण्याशी आणि मासळीच्या पाटीशी काम असलेली कोळीणही ते उंच आणि घट्ट नेसते. ज्या घरातील स्त्रीला उन्हातान्हात काम नव्हते तिचे लुगडे मात्र घोट्यापर्यंत उतरत असे. कापड तेच, लांबी तीच, परंतु नेसण्याची उंची बदलली की नेसणारीचे जगणे कळून येई. ऋता कपूर चिश्ती यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भारतात साडी नेसण्याच्या शंभराहून अधिक पद्धती नोंदवल्या आहेत. यावरून न शिवलेल्या कापडात किती शक्यता दडलेल्या असतात याची कल्पना येईल.

किती जुने?

'साडी' हा शब्द संस्कृतमधील 'शाटी', 'शाटिका' यांवरून आला. पतंजलीच्या महाभाष्यातही 'शाटक' हा शब्द आढळतो. परंतु शब्द जुना आहे म्हणून आजची साडीही तितकीच जुनी, असे म्हणता येणार नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्त्री-पुरुषांच्या जोड्या पाहाव्यात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पांत स्त्रीच्या कमरेला अंतरीय आहे, त्यावर कमरबंद आहे, परंतु चोळी नाही आणि आपल्या ओळखीचा खांद्यावरचा पदरही नाही. कमरेचे एक वस्त्र आणि अंगावरचे दुसरे, अशी दोन वस्त्रे पुढे कधीतरी एकाच लांब वस्त्रात मिसळली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.

नऊवारीविषयी एक समज सर्वत्र ऐकू येतो. मराठ्यांच्या लढायांत स्त्रियांना घोड्यावर बसता यावे म्हणून कासोटा निघाला, असे सांगतात. ऐकायला ही गोष्ट अभिमानाची वाटते. पण जरा विचार केला तर ती पटत नाही. तमिळनाडूतील ब्राह्मण स्त्रियांचे 'मडिसार'ही नऊ वारांचे आणि कासोट्याचेच असते. कर्नाटकातही कासोट्याची नेसण आहे. पुरुषांच्या धोतराचा कासोटा तर फार जुना. घोड्यावर बसणाऱ्या स्त्रियांना कासोटा सोयीचा झाला असेल यात शंका नाही. परंतु घोड्यावर बसणाऱ्या स्त्रिया अशा किती असणार? रोज शेतात वाकणाऱ्या स्त्रिया मात्र प्रत्येक गावात होत्या. कासोटा टिकला तो मुख्यत्वे त्यांच्यामुळे, असे मला वाटते.

पैठणी आणि जाडेभरडे

महाराष्ट्राच्या वस्त्रांचा इतिहास वाचू लागले की प्रथम पैठणी येते. पैठणला आणि पुढे येवल्याला विणली जाणारी ही रेशमी साडी खरोखरच अपूर्व आहे. तिच्या पदरावरील मोर, कोयऱ्या आणि वेली नंतर भरलेल्या नसतात. वेगवेगळ्या रंगांच्या धाग्यांच्या छोट्या कांड्या हाताने फिरवून त्या विणतानाच उमटवतात. तिच्या जोडीने अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने वाढलेली महेश्वरी येते, चंदेरी येते. ही वस्त्रे वाड्यांत आणि वस्तुसंग्रहालयांत जपून राहिली म्हणून त्यांचा इतिहास लिहिता आला.

रोजच्या लुगड्याचा इतिहास मात्र लिहिला गेला नाही, आणि त्याचे कारण त्या लुगड्यातच आहे. ते शिल्लकच राहत नाही. मधोमध फाटले की फाटका भाग काढून दोन्ही धड तुकडे जोडायचे, याला दंड घालणे म्हणतात. दंडाचे लुगडेही विरले की त्याची वाकळ होते, बाळाची झोळी होते, बाळंते होतात, शेवटी पोतेरे होते. सव्वाआठ मीटरांतील वीतभरदेखील वाया जात नाही. मग वस्तुसंग्रहालयात ठेवायचे काय?

असे असूनही एके ठिकाणी या साध्या कापडाची नोंद सापडते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने किंवा व्यापाऱ्याने लिहिलेला 'पेरिप्लस' नावाचा प्रवासग्रंथ आहे. त्यात पैठण आणि तगर या दोन व्यापारी शहरांची नावे येतात. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथून भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालात मलमलीबरोबर पुष्कळसे साधे, जाडेभरडे कापडही असे, असे त्या लेखकाने नोंदवले आहे. ते विणणाऱ्यांची आणि नेसणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण जाडेभरडे कापडही गाड्यांतून समुद्रापर्यंत जात होते, हे वाचून मला फार बरे वाटले.

आमच्या माण तालुक्यात लुगडे म्हटले की ते इरकलीच. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात इलकल नावाचे गाव आहे. त्याच्या नावावरून मराठीत 'इरकल' झाले. अंग सुती, काठ रुंद आणि पदर तांबड्या रेशमाचा, त्यावर पांढरी दातेरी नक्षी. या पदराला 'टोपतेनी' म्हणतात. इरकलीचे खरे कसब एका सांध्यात आहे. अंगाचे उभे धागे निराळे असतात आणि पदराचे निराळे. विणकर ते दोन्ही धागे एकमेकांत फासे घालून जोडतात आणि मग विणकाम पुढे नेतात. या जोडणीला 'कोंडी' म्हणतात. तिच्यामुळे पदराचा तांबडा रंग उभ्या-आडव्या दोन्ही धाग्यांनी येतो आणि भरदार दिसतो. या लुगड्यावर चोळी शोभते ती जवळच्याच गुळेदगुड्डच्या खणाची.

हे वाचल्यावर मी आजीच्या लुगड्याचा पदर उजेडात धरून पाहिला. सांधा कोठेच नव्हता. अंगाचाच उभा धागा पदरातून सरळ गेला होता. म्हणजे लुगडे यंत्रमागाचे होते. आजीला सांगितले तर ती म्हणाली, "मला म्हायीत हाय की. हातमागाचं घ्यायला पैसं कुठलं?" म्हसवडच्या बाजारात तिने ते घेतले तेव्हा तिने माझ्यासारखा पदर उजेडात धरला नव्हता. तिने काठ ओढून पाहिला होता. काठ पक्का असला की लुगडे दोन वर्षे जास्त जाते.

काठ कोणाचा दिसावा?

आता मूळ प्रश्नाकडे येते. ग्रंथालयातील ज्या पुस्तकाचा उल्लेख मी सुरुवातीला केला ते फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेले आत्मकथन. महार स्त्रियांनी लुगडे कसे नेसावे याविषयी गावाचा नियम होता, असे त्यात बेबीताईंनी सांगितले आहे. लुगड्याचा काठ दिसेल असे नेसण्याचा मान वरच्या जातींच्या स्त्रियांचा होता. महार स्त्रीने काठ निऱ्यांच्या आत दडवायचा. तो दिसला तर वरच्यांचा अपमान झाला असे मानत.

ते पान मी दोनदा वाचले. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. इतिहास म्हणजे आपल्या घराबाहेर घडलेली गोष्ट, अशी माझी तोवर समजूत होती. आमची वस्ती गावाच्या कडेला आहे, तिला आता बौद्धवाडा म्हणतात. आजीचे लग्न झाले ते १९५६ च्या धर्मांतरानंतर. तिच्या सासूने मात्र काठ आत घ्यायचा ते जुने दिवस पाहिले होते. नियम गेला, पण हाताची सवय एकीच्या हातून दुसरीच्या हाती आली आणि माझ्या कमरेपर्यंत पोहोचली.

वस्त्रावरून माणसाची पायरी ठरवण्याचा हा प्रकार एकाच जातीपुरता होता असे नाही. ब्राह्मण विधवेचे केशवपन करून तिला तांबडे आलवण नेसवत. त्या वस्त्राला काठाची शोभा नसे आणि अंगावर चोळीही नसे. दुरून पाहणाऱ्यालाही ती कोण हे कळावे आणि तिने शुभकार्यात पुढे येऊ नये, अशीच ती योजना होती. चित्रकार म. वि. धुरंधर यांनी ऑटो रॉथफेल्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी काढलेली चित्रे १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्या चित्रांना बाईचे नाव क्वचितच आहे, बहुधा जातीचे, प्रांताचे किंवा धंद्याचे नाव आहे. चित्रकाराने काही चुकीचे काढले असे मी म्हणत नाही. त्या काळी लुगडे पाहिले की जात कळे, म्हणूनच तशी चित्रे काढता आली.

त्याच सुमारास रंगभूमीवर बालगंधर्व स्त्रीभूमिका करीत होते. त्यांच्या लुगड्यांची, ती नेसण्याच्या ढंगाची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत, हे सर्वश्रुत आहे. एका पुरुषाने नेसलेल्या लुगड्याचा काठ पाहायला माणसे तिकीट काढून जात होती आणि गावाबाहेरच्या वस्तीतील बाईला तिच्या स्वतःच्या लुगड्याचा काठ दाखवता येत नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच महाराष्ट्रात, एकाच काळात घडत होत्या.

महाड, डिसेंबर १९२७

या संदर्भात महाडच्या सत्याग्रहातील एक प्रसंग फार महत्त्वाचा आहे. चवदार तळ्याचे पाणी आणि मनुस्मृतीचे दहन या गोष्टी शाळेच्या पुस्तकात असतात. परंतु डिसेंबर १९२७ च्या त्या परिषदेच्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले आणि त्यात लुगड्याचा विषय काढला, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते.

त्यांच्या सांगण्याचा आशय असा होता. ज्या खुणांवरून तुमची जात ओळखली जाते त्या सर्व खुणा टाका. तुमची लुगडी नेसण्याची रीत ही अशीच एक खूण आहे. वरच्या वर्गातील स्त्रिया नेसतात तशी लुगडी नेसा, त्यासाठी काही जास्त खर्च येत नाही. गळ्यातील आणि हातांतील कथलाच्या-चांदीच्या दागिन्यांचे ओझे उतरवा. लुगडे फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ ठेवा.

'जास्त खर्च येत नाही' हा मुद्दा मला विशेष वाटतो. पैठणी घ्यायला पैसा लागतो. परंतु गुडघ्यापर्यंत नेसलेले लुगडे घोट्यापर्यंत खाली सोडायला, आत घेतलेला काठ बाहेर काढायला एक पैसाही लागत नाही. लागते ती फक्त हिंमत. भाषणानंतर स्त्रियांनी लगेच नेसण बदलली. चळवळीतील सहकारी टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नवी पद्धत शिकवली. ज्या स्त्रिया चालत, होडीने किंवा बोटीने महाडला आल्या होत्या, त्या घोट्यापर्यंत लुगडे नेसून गावी परतल्या. तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे हा जसा सत्याग्रह होता तसाच लुगडे चार बोटे खाली सोडणे हाही होता, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होऊ नये.

अर्थात एका दिवसात सर्व महाराष्ट्र बदलला नाही. महाडपासून आमचे गाव दूर. आमच्या घरात तरी काठ त्यानंतर कितीतरी वर्षे आतच राहिला.

गोल साडी

पुढे लुगडेच मागे पडू लागले. याची सुरुवात मात्र बरीच आधी झाली होती. रवींद्रनाथ टागोरांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ मध्ये पतीबरोबर मुंबईला आल्या. तेथील पारशी स्त्रियांची साडी पाहून त्यांनी परकर, पोलके आणि गोल साडी अशी नवी नेसण बसवली, आणि ती बंगालमधील सुधारक घरांत पसरली. आपल्याकडील डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तेथील थंडी सोसत नाही, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. म्हणजे मराठी स्त्री डॉक्टर होण्यापूर्वी तिला वस्त्राचाही प्रश्न सोडवावा लागला.

त्यानंतर गिरण्यांचे तलम 'पातळ' आले. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई पडली आणि १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले. नऊ वारांतून एक पाचवारी निघून वर चार वार उरतात, हा हिशोब घरातील कोणत्याही बाईला कळण्यासारखा होता. शाळा, इस्पितळे, कचेऱ्या यांत नोकरी करणाऱ्या स्त्रिया गोल साडी नेसू लागल्या. तेव्हा जुन्या मंडळींनी पुष्कळ टीका केली. धार्मिक कार्याला सकच्छ नेसणेच हवे, असा त्यांचा आग्रह होता. हळूहळू नऊवारी लग्नकार्यापुरती आणि म्हाताऱ्या बायकांपुरती उरली.

कासोटा गेला याची पुष्कळांना हळहळ वाटते. कामाच्या दृष्टीने पाहिले तर ती खरीही आहे. गोल साडीत ओढा ओलांडता येत नाही. माझी आई कांद्याच्या खुरपणीला जाते तेव्हा साडीवरून वडिलांचा जुना सदरा चढवते आणि खालचा घोळ कमरेला खोचते, म्हणजे शेवटी कासोट्याचेच काम दुसऱ्या मार्गाने करते. मी तिला विचारले, "मग तू लुगडं का नाही नेसत?" ती म्हणाली, "लुगडं नेसलं की माणसं अडाणी समजत्यात. साडीत कोण कुठली कळत न्हाय."

आईचे हे शेवटचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. गोल साडीविषयी अनेक पाने वाचूनही मला जे उमगले नव्हते ते तिने पाच शब्दांत सांगितले. गोल साडीचा काठ सर्वांचाच पावलापर्यंत येतो. ती उंच नेसायची की खाली, काठ दाखवायचा की झाकायचा, याचे गावाने नियम केलेले नाहीत. बाजारात, दवाखान्यात, एसटीत एक गोल साडी दुसऱ्या गोल साडीसारखीच दिसते. आमच्या वस्तीतील बायकांनी ती लवकर आणि आनंदाने स्वीकारली यामागे हेही एक कारण असले पाहिजे. परंपरा सोडली म्हणून त्यांना दोष देण्यापूर्वी ती परंपरा त्यांच्या वाट्याला कशी आली होती, हे पाहिले पाहिजे.

आजची नऊवारी

आज नऊवारी पुन्हा आली आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मुली नऊवारी नेसून मोटारसायकली चालवतात, लेझीम खेळतात. हे पाहून मला आनंदच होतो. शिवलेल्या नऊवारीवरही माझा राग नाही. ज्या मुलींना नेसवायला घरी कोणी नाही त्यांची तिने सोय केली आहे. परंतु शिवलेल्या नऊवारीत उंची, निऱ्या आणि काठ हे सारे शिंप्याने एकदाच ठरवलेले असते. ते बहुधा एकाच प्रकारचे असते, रुंद जरीकाठाचे, घोट्यापर्यंतचे, सणाचे. भात लावणारीचे, मासळी विकणारीचे, माझ्या आजीचे लुगडे त्यात नाही. 'आपली परंपरा' म्हणून आपण जे नेसतो ती परंपरा पूर्वी सर्वांना नेसू दिली जात नव्हती, एवढी जाणीव तरी ठेवावी असे वाटते.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा दिवाळीच्या सुटीत मी आजीला पुन्हा विचारले. पुस्तकात काय लिहिले आहे तेही सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "आगं, रानात काट्याकुट्यात काठ आडकतो, फाटतो. काठ गेला की लुगडं गेलं. म्हनून आत घ्यायचा." मला वाटले, आपण उगीचच पुस्तकातील गोष्ट घरात शोधत होतो. तरी मी विचारले, "मग वरच्या आळीतल्या बायका पण रानात जायच्या की. त्यांचा काठ बाहेर कसा?" आजी हातातील शेंगा सोलत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्येंच्या काठाला काटं भ्यायचं."

यापुढे मी काही विचारले नाही. काठ टिकावा म्हणून आत घेतला की दिसू नये म्हणून, याचा निकाल तिच्या उत्तरातून लागत नाही. कदाचित दोन्ही खरे असेल. सक्तीने शिकलेल्या गोष्टीतूनही बायका काही उपयोग काढून घेतात आणि पुढच्या पिढीला तो उपयोगच सांगतात, सक्ती सांगत नाहीत.

या वर्षीच्या वेशभूषा दिनाला मी तेच लुगडे नेसणार आहे. या वेळी मी नेसायलाच शिकले आहे. गाठ कोठे मारायची, निऱ्या किती घालायच्या, कासोटा किती ओढायचा हे आजीने चार वेळा सोडून चार वेळा दाखवले. काठाशी आल्यावर मात्र तिने हात काढून घेतला आणि म्हणाली, "हितं तुजं तू बघ." मी तो बाहेर ठेवला आहे.